उतारवयातील टेस्टोस्टेरॉन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वय 54, भुसावळला रेल्वेत नोकरी. रात्रपाळी संपवून येताना सकाळी नऊला रक्त दिले, टेस्टोस्टेरॉन 260 आले. थकवा फार आहे. इंजेक्शन सुरू करू का?

एवढ्यावर नको. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक झोपेतून उठल्यावर सर्वाधिक असते आणि दिवस चढेल तसे उतरत जाते, म्हणूनच सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी रक्त घेतात. परंतु रात्रभर जागलेल्या माणसाच्या शरीराला ती सकाळ नसतेच. सुटीत पुरेशी झोप घेऊन, उठल्यावर दोन-तीन तासांच्या आत पुन्हा तपासा. वेगवेगळ्या दिवशी दोनदा 300 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आकडा आला आणि कामेच्छा मंदावल्यासारखी लक्षणेही असली, तरच उपचाराचा विचार होतो. दोष वृषणात आहे की मेंदूतील पिट्यूटरी ग्रंथीत, हे एलएच आणि प्रोलॅक्टिन या पिट्यूटरीच्या संप्रेरकांच्या तपासणीतून कळते. नुसता थकवा थायरॉइड, रक्तक्षय किंवा झोपेत श्वास अडकण्यानेही येतो, आणि रात्रपाळीच्या माणसाला मी आधी घोरण्याविषयीच विचारतो.

प्रश्न : रावेरकडे केळीची शेती, वय 61, वजन 96 किलो, मधुमेह आहे. वयामुळेच टेस्टोस्टेरॉन कमी होते ना?

काही अंशी. चाळिशीनंतर दरवर्षी साधारण एक टक्का घट होते, पण तुमच्या बाबतीत वजनाचा वाटा मोठा असावा. चरबीतील अरोमाटेज हे विकर टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामध्ये रूपांतर करते. शिवाय लठ्ठपणात हे संप्रेरक वाहून नेणारे प्रथिन घटल्याने एकूण आकडा प्रत्यक्षापेक्षा वाईट दिसतो, तेव्हा मुक्त, म्हणजे प्रथिनाला न बांधलेले, टेस्टोस्टेरॉनही पाहावे. शेवभाजी सोडा, असे खान्देशात सांगण्याचे धाडस माझ्यात नाही, परंतु वरची तर्री कमी करून वजन उतरवलेत, तर आकडा औषधाविनाही वर येऊ शकतो.

प्रश्न : वय 66, धुळे. टेस्टोस्टेरॉनच्या उपचाराने हृदयविकार किंवा प्रोस्टेटचा कर्करोग होतो का?

हृदयविकाराचा धोका असलेल्या 5,200 हून अधिक पुरुषांवरील ट्रॅव्हर्स चाचणीचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. त्यात टेस्टोस्टेरॉनचे जेल वापरणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे झटके व पक्षाघात वाढलेले आढळले नाहीत. मात्र हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे, हे प्रकार काहीसे अधिक दिसले. गेल्या सहा महिन्यांत झटका येऊन गेला असेल, तर थांबावे. प्रोस्टेटची भीती 1941 पासूनची आहे : पुरुषी संप्रेरक घटवल्यास हा कर्करोग आक्रसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी तेव्हा दाखवले. उपचाराने नवा कर्करोग वाढल्याचे चाचण्यांत दिसलेले नाही, तरीही आधी पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) तपासतात आणि ज्यांना हा कर्करोग आहे त्यांना सहसा उपचार देत नाहीत. रक्त घट्ट होणे हा नेहमीचा दुष्परिणाम. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, 54 टक्क्यांवर गेल्यास औषध थांबवावे लागते.

प्रश्न : वय 43, अमळनेर. दुसरे मूल हवे आहे. सोबत टेस्टोस्टेरॉनही घेता येईल का?

नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की मेंदू वृषणांना काम करण्याचा आदेश देणे थांबवतो आणि शुक्रजंतू शून्यावरही येतात. औषध बंद केल्यावर ते परतायला कित्येक महिने लागतात. व्यायामशाळेत कोणी इंजेक्शने दिली असतील, तर वीर्यतपासणीच्या वेळी डॉक्टरांपासून ती लपवू नका.