बदलापूर लोकलमधून लिहिणाऱ्या भाचीला

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. लेट मार्क, दिवा स्टेशनात चढणाऱ्या बाईशी डब्याच्या दारात झालेलं भांडण, फाटलेली ओढणी आणि शेवटचं ते वाक्य: "मावशी, पुढच्या वेळी लोक रुळांवर उतरले तर मीही उतरणार." राग गिळून टाक असं मी सांगणार नाही. बदलापूर ते दादर रोज उभ्याने, एका पायावर भार टाकून जाणारी मुलगी चिडली नसती तरच मला काळजी वाटली असती. पण तुझा राग चुकीच्या माणसावर निघतोय, आणि ज्याच्यापर्यंत तो पोचायला हवा त्याच्या कानावर तो जातच नाहीये.

दिव्याच्या त्या बाईचंच घे. दिव्याहून सीएसएमटीसाठी लोकल सुटावी ही तिथल्या लोकांची जुनी मागणी आहे. तिच्या फलाटावर येणारी गाडी बदलापूरहून, कल्याणहून, कसाऱ्याहून भरूनच येते. जलद गाड्या दिव्याला थांबायला लागल्या त्या 2016 च्या डिसेंबरपासून. त्याही थांबतात तेव्हा दारात आपल्याच बायका उभ्या असतात, कारण आत शिरलं तर ठाण्याला उतरता येणार नाही ही भीती. ती बाई चढणार कुठून? तिने तुला ढकललं हे वाईटच. पण तुम्हा दोघींना त्या दारात कोंबलंय कशाने, ते आधी समजून घे.

तुझी गाडी निघते ती दोनच रुळांवरून, एक जायचा आणि एक यायचा. कल्याण ते बदलापूर हे एवढंच आहे. त्याच रुळांवरून कर्जत-खोपोलीच्या लोकल, पुण्याकडच्या मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्या जातात. एका मालगाडीचं इंजिन बदलापूरच्या पुढे वांगणीला बंद पडलं की मागचं सगळं थांबतं. पुढे कल्याणला कसाऱ्याची लाइन येऊन मिळते आणि गाड्यांना एकमेकींचा मार्ग ओलांडावा लागतो, म्हणून कल्याणच्या आधी तू रोज ताटकळतेस. मग दिव्याचं रेल्वे फाटक. फाटक उघडं असेपर्यंत सिग्नल देता येत नाही, आणि रस्त्यावरची वाहनं अडकली की फाटक बंद करता येत नाही. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाली म्हणून त्या टप्प्यात थोडा श्वास मिळाला. पण कुर्ल्यापासून सीएसएमटीपर्यंतचं काम रखडलेलं आहे, आणि कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका 2019 मध्ये एमयूटीपी 3अ या मुंबई लोकलच्या विस्तार योजनेत मंजूर होऊनही अजून पूर्ण व्हायची आहे. मेल गाडीला वाट देण्यासाठी तुझी लोकल थांबते तेव्हा डब्यात सगळ्या मोटरमनला शिव्या देतात. त्याच्यासमोर लाल सिग्नल असतो. तो काय करणार?

हे तुला कळायला हवं, कारण मोघम तक्रार कुणीही बाजूला सारू शकतं. "गर्दी फार आहे, गाड्या लेट असतात" हे वाक्य लिहून दिलंस की "नोंद घेतली" असं उत्तर येतं आणि विषय संपतो. फलाट आणि गाडी यांच्यातली पोकळी मात्र फूटपट्टीने मोजता येते. 2014 मध्ये घाटकोपरला एका मुलीने त्या पोकळीत पडून दोन्ही हात गमावले. त्यानंतर हायकोर्टात फलाटांच्या उंचीचा प्रश्न आकड्यांत मांडला गेला, आणि स्टेशनामागून स्टेशन फलाट उंच करणं रेल्वेला भाग पडलं. ऑगस्ट 2022 चं एसी लोकलचं आंदोलन तुला आठवत असेल. कळवा आणि बदलापूरच्या प्रवाशांचं म्हणणं नेमकं होतं: आमची साधी गाडी काढून त्या जागी एसी घालू नका, पास परवडत नाही. त्या महिन्यातच मध्य रेल्वेने एसीच्या 10 फेऱ्या रद्द केल्या. मला एसी गाडीचा राग नाही. बंद दाराची गाडी सगळ्यांनाच मिळायला हवी, पण कुणाची तरी रोजची गाडी हिरावून नव्हे.

आता रुळांवर उतरण्याबद्दल. 2 जानेवारी 2015 ला दिव्यात काय झालं ते तुझ्या आईला विचार. पेंटोग्राफचा, म्हणजे तारेतून गाडीला वीज घेणाऱ्या छतावरच्या सांगाड्याचा, बिघाड झाला, गाड्या खोळंबल्या, लोक रुळांवर उतरले, दगडफेक झाली, वाहनं जळली, मोटरमनला मार बसला. त्यांचा संताप मला कळत होता, आजही कळतो. पण मार खाल्लेल्या मोटरमनने गाडी बिघडवली नव्हती. आणि रेल्वे कायद्याचं कलम 174 नीट वाच: गाडी अडवली तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तू सरकारी परीक्षांचे फॉर्म भरतेस. पोलीस पडताळणीत हे सगळं वर येतं. माझं ऐक, उतरू नकोस.

दारातही लटकू नकोस. हे मी विनवून सांगते. 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारातली माणसं एकमेकांना घासून खाली पडली. पाच जणांचा जीव गेला. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दरवर्षी 2,000 हून अधिक माणसं मरतात. रूळ ओलांडताना सर्वांत जास्त, त्याखालोखाल गाडीतून पडून. ऑफिसात लेट मार्क पडला तर पडू दे.

पासाची मुदत संपली की "उद्या काढू" म्हणू नकोस. रेल्वे कायद्याच्या कलम 124अ प्रमाणे वैध तिकीट-पासावर प्रवास करताना गाडीतून पडलेल्याला किंवा त्याच्या घरच्यांना रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते, मृत्यू झाला तर 8 लाख रुपये. नुसतं अंगावर तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येणार नाही असं सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये म्हटलं, पण मग सिद्ध करण्याची धावपळ घरच्यांच्या नशिबी येते. अशा घरांतल्या बायका कागद शोधत फिरताना मी पाहिल्यात. म्हणून हे अभद्र वाटलं तरी लिहिते.

साहेबांशी बोल. सकाळी अर्धा तास उशिरा येऊन संध्याकाळी अर्धा तास जास्त बसायची परवानगी माग. 2023 मध्ये मध्य रेल्वेने स्वतःच्या मुंबईतल्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांसाठी वेगवेगळ्या वेळा ठरवल्या आणि शहरातल्या इतर कार्यालयांनाही तशी विनंती केली. त्या बातमीचं कात्रण सोबत ने. साहेब लोक कागदाला मान देतात.

आणि एक वही कर. गाडी बदलापूरहून किती वाजता सुटली, कल्याणच्या आधी किती मिनिटं थांबली, दिव्याला किती, इंडिकेटरवर काय होतं, घोषणा झाली की नाही. तू एकटी नको, तुमच्या डब्यातल्या ग्रुपमधल्या चौघी-पाचजणींनी मिळून. चौथ्या सीटवरून, म्हणजे तिघींच्या बाकावर चौथीने बसण्यावरून, भांडणाऱ्या त्या काकूंनाही घे, त्यांना लाइनची माहिती तुझ्यापेक्षा जास्त आहे. डब्यात दिवे-पंखे बंद असतील किंवा कुणी त्रास देत असेल तर लगेच रेल्वेच्या 139 या हेल्पलाइनला कळव. वेळापत्रकाचं मात्र तिथे सुटत नाही. ते विभागीय व्यवस्थापकांच्या कार्यालयात लेखी द्यायचं, पोच घ्यायची आणि एक प्रत खासदारांना. आपण भिवंडी मतदारसंघात येतो. रेल्वे हा केंद्राचा विषय आहे, नगरसेवकाच्या बॅनरवर कितीही गाड्या सुटल्या तरी वेळापत्रक तिथे ठरत नाही. महिनाभराच्या वक्तशीरपणाचे आकडे 10 रुपयांत माहितीच्या अधिकारात मागता येतात. ते आले की तुमच्या वहीशेजारी ठेवा. दोन्हींत फरक दिसला तर अर्ज त्या फरकावरच लिहा.

अर्जात एकच मागणी असू दे. पंधरा डब्यांची गाडी, तिसरी मार्गिका, फलाटावरचं छप्पर, सगळं एकत्र लिहिलंस तर उत्तर सोप्या गोष्टीचं येईल आणि उरलेलं तसंच राहील. कुठली मागणी ते चौघींनी ठरवा. माझं मत विचारशील तर दिव्याच्या फाटकाच्या जागी रस्त्याचा पूल हवा या मागणीपासून सुरुवात कर, आणि सह्यांसाठी दिव्याच्या बायकांकडेही जा. तुझ्याशी भांडली ती भेटली तर तिची सही आधी घे. मसुदा झाला की मला दाखव, मराठी आणि इंग्रजी दोन्ही प्रती लागतील.

तुझी,
मावशी