निघताना मागे राहणाऱ्यांचा विचार कर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. परदेशातल्या विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचं कळवलंस, पण तुझ्या पत्रात आनंदापेक्षा अपराधीपणच जास्त आहे. "देशानं शिकवलं आणि मी चालले" हे ओझं बरोबर नेऊ नकोस. त्या ओझ्यापायी माणसं सुरुवातीला देणग्या पाठवतात, समारंभाला येऊन भाषणं देतात आणि मग दमून नातंच सोडून देतात.

मला पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांचा मार्ग मोलाचा वाटतो. केंब्रिजला शिकून ते १९५१ साली लाहोरला परतले. तिथे त्यांच्या विषयावर बोलायला कुणी नव्हतं आणि संशोधनाला वाव नव्हता. वर कॉलेजनं फुटबॉल संघ सांभाळायला दिला! १९५४ साली ते पुन्हा केंब्रिजला गेले. मात्र आपल्या वाट्याला आलेला एकटेपणा दुसऱ्यांच्या वाट्याला येऊ नये, हा ध्यास त्यांनी सोडला नाही. १९६४ साली त्यांच्या पुढाकारानं इटलीत त्रिएस्त इथे सैद्धांतिक भौतिकशास्त्राचं आंतरराष्ट्रीय केंद्र सुरू झालं. विकसनशील देशांतल्या संशोधकांनी तिथे काही आठवडे किंवा महिने यावं, काम करावं, आपल्या विद्यापीठात परत जावं आणि पुढे पुन्हा यावं, अशी सोय त्यांनी केली. स्वतः बाहेर राहून त्यांनी कितीतरी जणांना घरी टिकून राहणं शक्य केलं.

परतायचं की नाही, हे आज ठरवू नकोस. नुसत्या हाकेनं कुणी परतत नाही, तिथे करण्याजोगं काम असावं लागतं. तैवाननं १९८० साली शिन्चूचं विज्ञान उद्यान, म्हणजे तंत्रज्ञान-उद्योगांची वसाहत, उभारलं, उद्योग वाढवले, तेव्हा अमेरिकेत गेलेले अभियंते मोठ्या संख्येनं परतू लागले.

तू एवढंच कर. तुझी जी मैत्रीण इथेच राहून पीएचडी करते आहे, तिच्याशी कामाचं नातं ठेव. तिच्या शोधनिबंधाचा कच्चा मसुदा वाच. "छान झालाय" म्हणून सोडू नकोस. तिसऱ्या आकृतीत एककं लिहायची राहिलीत, हे सांग. तिचे नमुने तुझ्या प्रयोगशाळेत तपासायचे असतील तर आधी तुझ्या मार्गदर्शकांची परवानगी घे, आणि निबंधात कुणाचं नाव कुठे येणार हे काम सुरू करण्यापूर्वीच लेखी ठरवा. यावरून चांगली मैत्री तुटलेली मी पाहिली आहे. तुझेही मसुदे तिला दाखव. ती काही तुझी आश्रित नाही. सुट्टीत आलीस तर सत्काराला नाही म्हण आणि विभागात आठवडाभर एखादी पद्धत नीट शिकव. आणि "आमच्याकडे असं नसतं" हे वाक्य कृपा करून टाळ.

आईवडिलांचं थोडक्यात सांगतो. त्यांच्या औषधांची यादी तुझ्याजवळही असू दे, आणि जवळ राहणाऱ्या भावावर सगळं टाकून लांबून सूचना देऊ नकोस.

जाण्याआधी मैत्रिणीला भेट आणि पहिला मसुदा कधी पाठवणार, ते विचारून घे.

तुझे सर