वाचक विचारतात : रिंगणात डुक्कर कोण?

प्रश्न : 'लॉर्ड ऑफ द फ्लाईज'मध्ये पहिल्या प्रकरणात पुढे शिकाऱ्यांचा म्होरक्या होणाऱ्या जॅकचा सुरा डुकराच्या पिल्लावरही चालत नाही. नवव्यात मात्र बेटावर अडकलेली हीच मुलं नाचता नाचता सायमनचा जीव घेतात. हे ओढूनताणून आणल्यासारखं वाटत नाही का?

उत्तर : नाही. 1954 सालच्या या कादंबरीत विल्यम गोल्डिंगने त्या खुनाची तालीम आधी दोनदा दाखवली आहे. चौथ्या, सातव्या आणि नवव्या प्रकरणांतले नाच तेवढे काढून सलग वाचा आणि दर वेळी एकच बघा : डुक्कर कोण झालंय?

चौथ्यात मॉरिस. पहिल्या शिकारीने पोटं भरलेली, तो चीत्कारत मध्ये धावतो आणि बाकीचे मारल्याचं नुसतं सोंग करतात. सातव्यात रॉबर्ट. सुरुवात गमतीची, पण फटके खरेच बसू लागतात, तो कळवळून ओरडतो. आणि मुलांनी नेता निवडलेला राल्फ, होय, शहाणा राल्फसुद्धा, त्याला दुखवायला गर्दीत घुसतो. मग खरं डुक्कर हवं अशी चर्चा निघते. जॅक म्हणतो, एखादं लहान पोर घेऊ. सगळे हसतात. इथे घाईने पान उलटलं की नववं प्रकरण अचानक वाटणारच.

नवव्यात आधी रॉजर डुक्कर असतो. डोक्यावर वादळ, घोष चढत जातो. रॉजर सोंग टाकून शिकाऱ्यांत मिसळतो आणि रिंगणाचा मध्य रिकामा पडतो. नाच चालूच, बळीची जागा मोकळी. जंगलातून सरपटत सायमन नेमका तिथे येतो, तेही सगळी मुलं ज्याला घाबरतात ते 'श्वापद' म्हणजे पॅराशूटला अडकलेलं प्रेत आहे हे सांगायला. मूळ इंग्रजीत घोषाचे शब्दही ताडून पाहा. चौथ्यात गळा कापायचा तो डुकरिणीचा. इथे डुकराच्या जागी श्वापद आलंय आणि स्त्रीलिंगाचं पुल्लिंग झालंय. ठेका तोच.

प्रश्न : शेवटच्या प्रकरणात जॅकची टोळी राल्फची शिकार करायला निघणार असते, तेव्हा जुळे भाऊ त्याला सांगतात की रॉजरने काठीला दोन्हीकडे टोक काढलंय. म्हणजे काय?

उत्तर : आठवं प्रकरण काढा. डुकरिणीचं मुंडकं श्वापदाला वाहताना अशीच काठी तासली होती : एक टोक खडकाच्या भेगेत, दुसऱ्यावर मुंडकं. भाल्याला एकच टोक पुरतं. राल्फला हे उमगत नाही, कारण मुंडकं खोचलं तेव्हा तो तिथे नव्हता, वाचक होता.