पांढरीच्या टेकाडाची संगणकीय नोंद

आपण पुरातत्त्वीय सर्वेक्षणाच्या नोंदी संगणकावर घेऊ लागला आहात, म्हणून पहिली सूचना अक्षांश-रेखांशांविषयी करतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट प्रमाणावर (पृथ्वीचा आकार गृहीत धरून अक्षांश-रेखांश मोजण्याची एक पद्धत) आधारलेले आहेत, तर मोबाइलमधील जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ हे दुसरे प्रमाण वापरते. यांपैकी कोणते प्रमाण घेतले हे स्वतंत्र रकान्यात लिहिले नाही, तर पांढरीचे (जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीचे) एकच टेकाड दोन नोंदींत दोन जागी दिसते आणि पुढचा अभ्यासक त्यांना दोन स्थळे समजून बसतो.

कालखंडाच्या रकान्यात नुसते ‘जोर्वे’ लिहू नये. जोर्वे हे संगमनेरजवळचे गाव आहे, तेच एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीचे नाव आहे, आणि पुणे जिल्ह्यातील इनामगावाच्या उत्खननात तिचे पूर्व (इ.स.पू. सुमारे १४०० ते १०००) व उत्तर (इ.स.पू. सुमारे १००० ते ७००) असे टप्पे मिळाले आहेत. स्थळ, संस्कृती, टप्पा आणि वर्षे यांसाठी वेगळे रकाने ठेवावेत. (मी स्वतः ‘ता.’ हे रूप तालुक्यासाठीही आणि ताम्रपाषाणासाठीही वापरले होते. ते निस्तरण्यात दोन महिने गेले.)

सीआयडॉक सीआरएम या सांस्कृतिक वारशाच्या नोंदींसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा अभ्यास सावकाश केला तरी चालेल. मात्र फाइल युनिकोडमधील सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या) स्वरूपात आजपासूनच जतन करावी. माहिती सर्वांसाठी खुली करताना असंरक्षित स्थळांचे नेमके अक्षांश-रेखांश देऊ नयेत, गावापर्यंतचाच तपशील द्यावा. गुप्तधन शोधणारेही नकाशे वाचतात.