जुन्या कार्डाला जोडीदार की एकच नवं?

प्रश्न : दादा, नमस्कार. मी इचलकरंजीचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या मशीनमध्ये रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५५० वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आणि एनव्हिडियाचं जीटीएक्स १०७० ग्राफिक्स कार्ड आहे. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झ. मित्र त्याचं १०७० नऊ हजारांत देतोय. दोन कार्डं लावली की स्पीड दुप्पट होईल आणि मेमरी ८ ची १६ जीबी होईल, असं तो म्हणतो. बाबा पंचवीस हजारांपर्यंत द्यायला तयार आहेत. ताई आर्किटेक्चरला आहे, तीही याच मशीनवर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर करते, म्हणजे मॉडेलवरून चित्र बनवते. दुसरं १०७० घेऊ की एकच नवं कार्ड?

उत्तर : मित्राला नाही म्हणून सांग. एकच घे, पण नवं घे.

आधी तुझ्या बोर्डचं बघू. दोन जीटीएक्स कार्डं गेमसाठी जोडायची म्हणजे एसएलआय (दोन कार्डं मिळून चालवायचं एनव्हिडियाचं तंत्र) लागतं, आणि बी४५० वर ते चालत नाही. खालचा लांब स्लॉट दिसायला वरच्यासारखाच असतो, पण बहुतेक बी४५० बोर्डांवर त्याला चारच लेन (माहिती ये-जा करायचे मार्ग) मिळतात, त्याही थेट प्रोसेसरकडून नाही, चिपसेट या मधल्या चिपमधून. एसएलआयला दोन्ही कार्डांना किमान आठ-आठ लेन हव्यात. म्हणजे नऊ हजारांच्या कार्डावर एक्स४७० सारखा बोर्ड आणि वर ब्रिज (दोन कार्डं जोडणारी पट्टी), एवढा खर्च आला. शिवाय दोन १०७० मिळून ३०० वॅट खातात. जुन्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर एवढा भार टाकायला मी तयार होणार नाही.

पण तुझ्याकडे एक्स४७० असता तरी माझं उत्तर हेच राहिलं असतं. १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू २ कार्डाने दोन कार्डांची जोडी आणली, २००४ मध्ये एनव्हिडियाने ती नव्या रूपात परत आणली, आणि त्या काळात तिचा उपयोगही होता. १०७० बाजारात नवं होतं तेव्हा मी स्वतः गिऱ्हाइकांना अशी मशीनं जुळवून दिली आहेत. तेव्हाच्या गेम्समध्ये फरक डोळ्यांना दिसायचा.

पुढे गेम्स तयार करण्याची पद्धतच बदलली. एसएलआयमध्ये बहुतेक वेळा एक फ्रेम (पडद्यावरचं एक चित्र) पहिलं कार्ड काढतं, पुढची दुसरं. आता आजचे गेम बघ. कडा गुळगुळीत करायला, सावल्या स्थिर ठेवायला ते मागच्या फ्रेममधली माहिती वापरतात. ती मागची फ्रेम असते दुसऱ्या कार्डाच्या मेमरीत. मग ती तिकडून आणा, तोवर हे कार्ड थांबलेलं. दोन कारकुनांनी एकाच हिशेबाची पानं आलटून पालटून लिहायची आणि दर पानाला शेजाऱ्याची मागची बेरीज मागायची, तसा प्रकार. तुझ्या मित्राच्या १६ जीबीचं उत्तरही यातच आहे : दोन्ही कार्डांना स्वतःपुरतं सगळं टेक्श्चर (गेममधल्या वस्तूंवर चढवायची चित्रं) जवळ ठेवावं लागतं, म्हणून वापरायला मिळतात ८ जीबीच.

त्यात फ्रेम समान अंतराने येतीलच असं नाही. एक ५ मिलिसेकंदांत आली आणि पुढची २८ मध्ये, तर सरासरी काढल्यावर कोपऱ्यातला सेकंदाला किती फ्रेम हा आकडा ६० च्या आसपास दाखवेल. डोळ्यांना मात्र गेम ३५ वर चालल्यासारखा अडखळताना दिसेल. तुझ्या १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर हे जास्तच खुपेल.

कंपनीनेही हात काढून घेतला आहे. १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने जुन्या कार्डांसाठी एसएलआयची नवी प्रोफाइलं (एखादा गेम दोन कार्डांवर कसा चालवायचा याच्या ड्रायव्हरमधल्या सूचना) देणं थांबवलं. ३००० मालिकेतल्या गेमिंग कार्डांत जोडणीची सोय फक्त ३०९० आणि ३०९० टीआय यांना होती, ४०९० ला तर तो कनेक्टरच नाही. डायरेक्टएक्स १२ (विंडोजवरच्या गेम्सची ग्राफिक्स प्रणाली) मध्ये गेम बनवणाऱ्यांनी स्वतः दोन कार्डांची सोय केली तर चालतं. ती मेहनत फार थोड्यांनी घेतली. आणि ऑक्टोबर २०२५ नंतर १०७० च्या पिढीला नव्या गेम्ससाठी ड्रायव्हर नाहीत, फक्त सुरक्षेचे अपडेट. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’सारख्या गेमला हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब करणारा कार्डातला खास भाग) लागतंच. ते एका १०७० मध्ये नाही, दोनांतही येणार नाही.

ताईचं काम वेगळं आहे, तिथे तुझ्या मित्राचं अर्धं बरोबर आहे. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये दोन कार्डं ब्रिजशिवाय, एसएलआयशिवाय मिळून रेंडर करतात आणि वेळ खरोखर वाचतो. फक्त सीन प्रत्येक कार्डाच्या मेमरीत पूर्ण मावायला हवा. पण तिथेही ऑप्टिक्स (रे ट्रेसिंगचा तो खास भाग रेंडरला वापरणारी सोय) चालू केलं की एकटं नव्या पिढीचं आरटीएक्स ३०६० दोन १०७० ना मागे टाकतं.

म्हणून तुझ्यासाठी माझी निवड आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचं. गेमिंगमध्ये तुझ्या १०७० च्या दुप्पट होणार नाही, तशी आशा ठेवू नकोस. पण डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनवर काढलेलं चित्र एआयने मोठं करायची सोय) मिळेल, रे ट्रेसिंग मिळेल, ताईच्या मोठ्या सीनला १२ जीबी मिळतील. १७० वॅटचं कार्ड आहे, तुझा एसएमपीएस चांगल्या कंपनीचा असेल तर पुरेल. पुढच्या पिढीचं आरटीएक्स ४०६० गेममध्ये याहून वेगवान आहे, पण मेमरी ८ जीबी, आणि ते आठच लेन वापरतं. तुझा बोर्ड तिसऱ्या, म्हणजे जुन्या आणि संथ पिढीचा पीसीआय एक्स्प्रेस (कार्ड आणि बोर्ड यांची जोडणी) देतो, त्यामुळे मेमरी भरली की तिथे जास्त अडेल. मशीनवर फक्त गेम खेळायचे असते तर मी ४०६० चा विचार केला असता. तुमच्या घरात ते दोघांचं आहे.

दुकानात एक नक्की बघ : ३०६० चं ८ जीबीचंही मॉडेल आहे आणि त्याची मेमरी बस (कार्डाच्या चिपपासून मेमरीपर्यंतचा रस्ता) १२८ बिटची, १२ जीबीवाल्याची १९२. नाव तेच, काम कमी. खोका हातात घेऊन आकडा वाच, बिलावर ‘१२ जीबी’ लिहून घे. घरून निघण्याआधी कॅबिनेटमध्ये कार्डासाठी किती जागा आहे तीही मोजून घे. आणि तुझं १०७० विकायचं असेल तर त्याच मित्राला विचारू नकोस; तोही गिऱ्हाईकच शोधतोय.