'बे' म्हणजे खण: इंग्लंडच्या लाकडी शेतघरातले शब्द

प्रश्न असा आहे: इंग्लंडमधल्या एका मध्ययुगीन शेतघराचं वर्णन मराठीत आणायचं आहे. 'हाफ-टिंबर्ड'ला 'अर्धलाकडी' म्हणावं का, आणि 'बे'ला काय म्हणावं?

'अर्धलाकडी' नको. त्यातून घराचा खालचा भाग दगडी आणि वरचा लाकडी, असं काहीतरी डोळ्यापुढे येतं. खरं तर या घरांचा सगळा भार ओकच्या सांगाड्यावर असतो. भिंती म्हणजे त्या सांगाड्यातल्या चौकटी बुजवणारं भरण. म्हणून 'लाकडी सांगाड्याचं घर' म्हणावं.

'बे'साठी मात्र आपल्याकडे तयार शब्द आहे: खण. खांबांच्या लागोपाठच्या दोन रांगांमधलं अंतर म्हणजे एक बे. वाड्याचं किंवा गावातल्या घराचं माप सांगताना आपण 'पाच खणांचं घर', 'दोन खणी ओसरी' म्हणतो, तेव्हा हेच मोजत असतो. लाकडाने बांधणाऱ्या माणसाला घर खांबांच्या अंतराने मोजणं सोयीचं, कारण तुळईची लांबी आणि जाडी त्यावरच ठरते. इथे 'कप्पा' किंवा 'विभाग' लिहिलं तर मोजणीचा हा अर्थ हरवतो.

उदाहरण म्हणून 'बेलीफ' (Bayleaf) हे शेतघर घ्या. ते मूळचं केंट परगण्यातल्या चिडिंगस्टोनचं, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचं. जलाशयाच्या कामात ते जाणार होतं, म्हणून 1968 च्या सुमारास त्याचा सांगाडा सुटा केला आणि पुढे वेस्ट ससेक्समधल्या सिंगलटनच्या संग्रहालयात पुन्हा उभारला. हे शक्य झालं ते सांध्यांमुळे. एका लाकडाची कुसू, म्हणजे टोकाला कोरून काढलेली जीभ, दुसऱ्याच्या खाचेत बसवायची आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची. ओक ओला असतानाच घडवत, कारण वाळल्यावर तो फार कठीण होतो. जागेवर वाळताना लाकूड आकसतं, पिळतं. जुन्या घरांच्या वाकड्या रेषा बऱ्याचदा त्यातून आलेल्या असतात.

अशा घरात मधले दोन खण हॉलचे आणि दोन्ही टोकांना एकेक खण दुमजली, ही नेहमीची रचना. हॉल जमिनीपासून थेट वाशांपर्यंत मोकळा, मध्यभागी उघडी चूल, धुराडं नाही. धूर छपरातून वाट काढी. पुढे अनेक घरांत धुराडं आणि मधला मजला घातला गेला, तरी माळ्यावरचे काजळलेले वासे पाहून तिथे पूर्वी खुला हॉल होता हे ओळखता येतं. या हॉलला 'माजघर' म्हणायचा मोह होईल, कारण तो खरोखर घराच्या मध्यावर आहे. पण माजघर आतलं, घरच्यांचं. हा हॉल आल्यागेल्याचाही होता. 'खुला हॉल' लिहावं.

हॉलच्या एका टोकाला 'बटरी' आणि 'पॅन्ट्री' असत. बटरीचा लोण्याशी संबंध नाही. पेयांच्या पिंपासाठीच्या लॅटिन शब्दातून ते नाव आलं, तिथे एल (एक प्रकारची बिअर) वगैरे ठेवत. पॅन्ट्री ही पावाची खोली. तिच्या मुळाशी 'पानिस' हा लॅटिन शब्द आहे, आणि आपला 'पाव' पोर्तुगीजांमार्फत त्याच शब्दातून आला. हे नातं मला फार आवडतं.

वरचा मजला खालच्या भिंतीच्या पुढे काढलेला असतो, त्याला 'जेटी' म्हणतात. शब्दकोशातला 'धक्का' इथे अर्थातच चालणार नाही. 'सज्जा'ही नको, कारण पुढे आलेला तो भाग खोलीचाच असतो. 'पुढे काढलेला मजला' असं सरळ लिहावं.

राहिलं भिंतींचं भरण. ओकच्या उभ्या पट्ट्या, त्यांत विणलेल्या हेझल नावाच्या झुडपाच्या लवचिक काठ्या आणि दोन्ही बाजूंनी माती, गवताचा भुसा, शेण यांचा लेप. हे वाचल्यावर कोकणातल्या किंवा मावळातल्या माणसाला शब्द शोधावा लागणार नाही: हा कूड आहे. तिथे हेझल, इथे कारवी, एवढाच फरक. 'कुडाची भिंत' बिनधास्त लिहा.