वाचक विचारतात : दहा सूचक आणि आईचा अंगठा

प्रश्न : आमचे मेहुणे खानापुरातून विधानसभेला अपक्ष उभं राहायचं म्हणतात. अमेरिकेतला पुतण्या सांगतो, तिकडं पक्षाचा उमेदवारसुद्धा आधी मतदारच मत देऊन ठरवतात. आपल्याकडं नाव यंत्रावर लागतं कसं? माझी आई अंगठा करते, ती सूचक चालेल का?
– एक वाचक, खानापूर तालुका (बेळगाव)

उत्तर : पुतण्याचं खरं आहे. तिकडं त्या पहिल्या फेरीचे, म्हणजे ‘प्रायमरी’चे, नियम राज्यागणिक वेगळे. कुठं सह्या गोळा करायच्या, कुठं पैसे भरायचे. न्यू हॅम्पशायरमध्ये अध्यक्षपदाच्या फेरीसाठी हजार डॉलर फी आहे. आपल्याकडं ती फेरी पक्षाच्या बंद खोलीत होते आणि तिचा निकाल म्हणजे बी फॉर्म, ‘हाच आमचा अधिकृत उमेदवार’ असं पक्षानं लिहून दिलेला कागद. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ पर्यंत तो पोचला नाही, तर ढोल-ताशे वाजवून काय उपयोग?

मेहुण्यांना बी फॉर्म नको, पण दहा सूचक, म्हणजे अर्जावर सही करून नाव सुचवणारे मतदार, हवेत. मान्यताप्राप्त पक्षवाल्याला एकच पुरतो. महाराष्ट्र एकीकरण समितीनं नाव जाहीर केलेला उमेदवारही अर्ज अपक्ष म्हणूनच भरतो, त्यामुळं त्यालाही दहाच. गंमत म्हणजे या दहांमागं आपलं बेळगावही आहे. १९९६ च्या लोकसभेला सीमाप्रश्नाकडं दिल्लीचं लक्ष जावं म्हणून इथं अर्जांचा पाऊस पाडला होता. ४५६ उमेदवार रिंगणात होते. त्याच वर्षी आंध्रातलं नलगोंडा आणि तमिळनाडूतलं मोडकुरिची इथंही अर्जांचा असाच पाऊस पडला. त्याच वर्षी कायदा बदलला, अपक्षाला दहा सूचक आले आणि ५०० रुपयांची लोकसभेची अनामत १० हजारांवर गेली. आता ती २५ हजार आहे. विधानसभेला १० हजार, अनुसूचित जाती-जमातींना निम्मी.

मेहुण्यांचं नाव कर्नाटकातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत असलं तरी चालतं. सूचक मात्र खानापूर मतदारसंघाचेच हवेत. चंदगडला दिलेल्या बहिणीची सही घेऊ नका, बेळगाव ग्रामीणमधल्या मावशीचीही नको. प्रत्येकाचा यादीभाग क्रमांक आणि अनुक्रमांक ताज्या यादीवरून, बोट ठेवून उतरवा. एका अनामतीवर चार अर्ज भरता येतात. मी तर म्हणेन, दुसऱ्या अर्जावर दुसरेच दहा घ्या. छाननीत एक सूचक गळला, तरी दुसरा अर्ज उभा राहतो.

आई चालतील की! पण अंगठा घरी उठवून आणू नका. तो निवडणूक अधिकाऱ्यांसमोर किंवा आयोगानं ठरवून दिलेल्या अधिकाऱ्यासमोरच उमटवावा लागतो. त्यांना सकाळीच घेऊन जा, तीनच्या गर्दीत नको.

प्रतिज्ञापत्रात एकही रकाना कोरा ठेवू नका. कर्ज नसेल तर ‘नाही’ लिहा. आणि उमेदवाराची राज्यघटनेवरच्या निष्ठेची शपथ! अर्ज दिला की लगेच तिथंच घ्या. छाननीच्या दिवशी घेतलेली चालत नाही.

चिन्हासाठी, कुठल्या पक्षाला न दिलेल्या मोकळ्या चिन्हांच्या यादीतली तीन नावं पसंतीक्रमानं लिहायची. एकाच चिन्हावर दोन अपक्ष अडले, तर चिठ्ठी टाकतात.